चांगपा कुटुंबासोबतच्या तीन रात्री चाळीस मिनिटांत उरकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: लडाख हिवाळी सहल, जानेवारी. तक्रार क्रमांक तुमच्याकडे तीन आहेत, सापडेल तो घ्या.

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोललो. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे लेखी.

कार्यक्रमपत्रिका तुम्हीच छापली आहे, ती तुम्हाला वाचून दाखवत नाही. चौथा, पाचवा आणि सहावा दिवस एवढंच बघा. ‘चांगथांगच्या पठारावर चांगपा मेंढपाळ कुटुंबासोबत ३ रात्री मुक्काम.’ यासाठी बिलात ‘अनुभव शुल्क’ असा वेगळा आकडा आहे, माणशी १८,००० रुपये. आम्ही दोघं, म्हणजे ३६,०००.

लेहमध्ये पहिले तीन दिवस सक्तीची विश्रांती दिलीत, ते योग्यच. साडेचार हजार मीटरवर जायचं तर शरीराला वेळ द्यावा लागतो. चौथ्या दिवशी उपशी, चुमाथांग, माहे पूल असं करत आम्ही कोरझोकला पोचलो. त्सो मोरिरी सरोवर टणक गोठलेलं. आणि मुक्काम? सिमेंटच्या गेस्ट हाउसात. टूर मॅनेजर म्हणाला, “उद्या जाऊ.” रात्री पारा उणे २० च्या खाली, आणि भाड्याने दिलेल्या स्लीपिंग बॅगवर लेबल शून्य अंशांचं. तिचं ३,००० रुपये डिपॉझिट घेतलं होतंत, ते अजून परत आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दीड तास गाडीने गेलो. डोंगराच्या आडोशाला बकऱ्या कोंडायचे दगडी वाडे, दोन तंबू, त्यातला एक याकच्या केसांचा काळा रेबो. आत मधोमध शेणावर पेटलेली शेगडी. शेगडीपाशी एक आजी होत्या. ड्रायव्हर स्थानिकच, तो त्यांना अबी-ले, म्हणजे आजी, म्हणत होता, म्हणून आम्हीही म्हणालो. मुलगा बकऱ्या घेऊन चरायला गेलेला. अकरा जण दारात उभे बघून त्या दचकल्या, कारण आम्ही येणार हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तरी मीठ-लोण्याचा चहा ओतला. सौभाग्यवतींनी संक्रांत म्हणून तिळगूळ नेला होता, तो दिला. त्यांनी एक वडी खाल्ली आणि बाकीच्या नातवासाठी पदरी बांधाव्यात तशा कनवटीला खोचल्या. ड्रायव्हरमार्फत म्हणाल्या, “आधी निरोप आला असता तर जळणाचा साठा जास्त केला असता. आम्ही दर हिवाळ्यात इथेच असतो.”

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

चाळिसाव्या मिनिटाला टूर मॅनेजरने शिट्टी वाजवली. उरलेल्या दोन्ही रात्री पुन्हा त्याच सिमेंटच्या खोलीत. जेवायला तुमचं अभिमानाचं मराठी जेवण. श्रीखंड इतकं गोठलं होतं की चमचा वाकला. आम्ही श्रीखंडासाठी तिथवर गेलो नव्हतो हो. पश्मिना ज्या थंडीमुळे बकरीच्या अंगावर येते, त्या थंडीत ती सांभाळणारी माणसं कशी राहतात हे बघायला गेलो होतो.

आता कालचा फोन. बावीस मिनिटं होल्डवर ठेवून एक गृहस्थ आले.

“सर, बुकिंगमध्ये ‘नोमॅडिक फॅमिली’ लिहिलंय ना?”

“हो.”

“नोमॅडिक म्हणजे काय, सर?”

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ‘भटके पशुपालक’ हा धडा किती वेळा घेतला याची गणती नाही. तरी गप्प राहिलो, कारण मला वाटलं हा खरंच विचारतोय. तर तो आवाज मऊ करून, बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं म्हणाला, “सर, नोमॅडिक म्हणजे जे फिरत असतात. त्या डेट्सना ते फिरायला गेले होते. ते कुठे असतील हे कंपनीच्या कंट्रोलमध्ये नसतं.”

मागे कोणीतरी हसलं. मला स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हटलं, “अहो, मी त्यांच्या घरात बसून चहा प्यायलोय!”

“मग सर, सर्व्हिस पार्शली डिलिव्हर झाली ना?”

“आणि जाहिरातीतले तंबूबाहेर जेवतानाचे फोटो?”

“ते समरचे आहेत, सर.”

हिवाळी सहलीच्या जाहिरातीत उन्हाळ्याचे फोटो! हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मीच ओशाळलो. शेवटी नऊशे रुपयांचं गिफ्ट व्हाउचर देऊ केलं. पुढच्या सहलीवर वापरायचं म्हणे.

फिरायला गेले होते! पुन्हा लिहितो, म्हणजे तुमच्या बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचेल: मेंढपाळ फिरायला गेले होते. महाबळेश्वरला गेले असतील, नाही का? चांगपांचे तळ ऋतूनुसार ठरलेले असतात, कोणी कोणत्या कुरणात जायचं हे गोबा, म्हणजे त्यांचा गावप्रमुख, आणि मंडळी ठरवतात. मनाला येईल तिकडे निघालं तर शे-दोनशे बकऱ्या उपाशी मरतील. माझं आजोळ रोह्याजवळचं. दिवाळीनंतर घाट उतरून धनगरांचा वाडा यायचा आणि भात कापलेल्या शेतात मेंढरं बसवायची. कोणाच्या शेतात किती रात्री आणि बदल्यात किती भात, हे आजोबांशी तोंडी ठरायचं. कागद नाही, ॲडव्हान्स नाही. ते आले नाहीत असं एकही साल आम्हा भावंडांना आठवत नाही. तुमच्याकडे सही-शिक्क्याचा कागद आहे आणि तुम्ही आला नाहीत.

२०११ मध्ये आई-वडिलांना तुमच्याबरोबर चारधामला पाठवलं होतं. केदारनाथला वडिलांना दम लागला तर तुमचा माणूस त्यांच्या शेजारी रात्रभर बसला. त्या माणसाची कंपनी आणि कालच्या फोनवरची कंपनी एकच आहे हे मला अजून पटत नाही.

मागणी अशी. ३६,००० रुपये पंधरा दिवसांत खात्यावर, व्हाउचर नको. दुसरं, तुमच्याच माहितीपत्रकात ‘अनुभव शुल्कातील ७० टक्के थेट यजमान कुटुंबाला’ असं छापलंय. अकरा जणांचे होतात १,३८,६००. त्या कुटुंबाला किती दिले, त्याची पावती दाखवा. आमच्या समोर तर चहाचेसुद्धा दिले नाहीत. शेवटी ड्रायव्हरने स्वतःच्या खिशातून काही नोटा काढल्या, मग आम्ही वर्गणी काढली.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात ‘न्यायक्षेत्र फक्त मुंबई’ लिहिलंय ते वाचलं. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी निवृत्त आहे. तारखांना येण्याइतका वेळ माझ्याकडे भरपूर आहे.

आपला,
एक जुना ग्राहक

ता. क.: स्लीपिंग बॅगचं ३,००० रुपये डिपॉझिट वरच्या रकमेत धरलेलं नाही. ते वेगळं.