अनेगाडा बेट न दाखविता घेतलेल्या रकमेबाबत तक्रार

दिनांक : १० मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधील सात दिवसांच्या बोट सहलीतून अनेगाडा बेट वगळल्याबाबत व त्यापोटी घेतलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या फेब्रुवारीत मी, माझी पत्नी, आमची दोन मुले आणि न्यू जर्सीहून येऊन सेंट थॉमसला आम्हाला सामील झालेले माझे धाकटे बंधू व भावजय असे सहा जण आपल्या कंपनीमार्फत ठरविलेल्या कॅटामरान (दोन तळांच्या) बोटीने टॉर्टोला व आसपासची बेटे फिरलो. बोट स्वच्छ होती आणि स्किपर (बोटीचे कप्तान) अत्यंत जबाबदार होते. त्यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही, त्यामुळे या पत्राचा ठपका त्यांच्यावर ठेवू नये, ही विनंती आधीच करतो. माझी तक्रार कार्यक्रम आखणाऱ्या आपल्या कार्यालयाविषयी आहे.

आपल्या कार्यक्रमपत्रिकेत चौथा व पाचवा दिवस अनेगाडासाठी राखलेला होता आणि त्याचे माणशी ९,००० रुपये वेगळे आकारले होते. आम्ही आपली सहल निवडली ती मुख्यतः याच बेटासाठी. आजूबाजूची बेटे ज्वालामुखीतून झालेली व डोंगराळ असताना हे एकटेच प्रवाळाचे आणि चुनखडीचे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची नऊ मीटरही भरत नाही, आणि म्हणून बोटीवरून पाहणाऱ्याला किनाऱ्याच्या आधी झाडांचे शेंडे दिसतात, असे आम्ही वाचले होते. तिथल्या खाऱ्या तळ्यांत फ्लेमिंगो असतात. दर हिवाळ्यात ठाणे खाडीवर फिकट गुलाबी फ्लेमिंगो पाहणाऱ्या माझ्या मुलीला कॅरिबियनमधले गडद रंगाचे फ्लेमिंगो पाहायचे होते आणि त्यासाठी तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून दुर्बीण घेतली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बोट व्हर्जिन गोर्डा बेटाच्या नॉर्थ साउंड या खाडीत उभी असताना, उद्या किती वाजता निघायचे असे मी विचारले. स्किपरनी काही न बोलता नकाशा टेबलावर पसरला. अनेगाडाभोवती लाल पेनाने रेघ ओढलेली होती. बेटालगतच्या हॉर्सशू रीफ या प्रवाळखडकाच्या उथळ प्रवाळामुळे ही बोट त्या रेघेपलीकडे न्यायची नाही, अशी बोटमालकाच्या करारातच अट आहे आणि ती आपल्या कार्यालयाला ठाऊक आहे, असे त्यांनी सांगितले. आम्हालाही ते माहीत असेल, अशी त्यांची समजूत होती. त्या रीफवर आजवर शेकडो जहाजे फुटली आहेत, तेव्हा बोटमालकाची काळजी मला समजते. समजत नाही ते एवढेच की, जिथे बोट जाऊच शकत नव्हती तिथले पैसे आपण कशाचे घेतले?

याबाबत मी पाठविलेल्या ई-मेलला ‘हवामानामुळे बदल’ असे एका ओळीचे उत्तर आले. वास्तविक त्या दोन्ही दिवशी इतर कंपन्यांच्या बोटी आमच्या डोळ्यांदेखत शिडे उभारून उत्तरेकडे गेल्या.

दुसरी बाब व्हर्जिन गोर्डावरच्या द बाथ्स या किनाऱ्याची. घराएवढ्या ग्रॅनाइटच्या शिळा एकमेकींवर रेलून उभ्या आहेत आणि त्यांच्या फटींतून ऊन खालच्या कमरेएवढ्या पाण्यात उतरते, असे ते ठिकाण आहे. तेथील नॅशनल पार्क्स ट्रस्टचे मूरिंगचे बोये (बोट बांधण्याचे तरंगते गोळे) आधी राखून ठेवता येत नाहीत आणि एका बोटीला दीड तासच मिळतो, म्हणून जाणकार सकाळी आठच्या आत पोहोचतात. आपल्या पत्रिकेत वेळ होती अकराची. रिकाम्या बोयाच्या शोधात आम्ही पाऊण तास घिरट्या घातल्या. पुढे डिंगी (बोटीसोबतची लहान होडी) किनाऱ्याला लावता येत नसल्याने ती बाहेरच्या दोरीला बांधून पोहत जावे लागले आणि माझी पत्नी, जिला पोहता येत नाही हे आपल्या अर्जात स्पष्ट लिहिले होते, ती बोटीवरच बसून राहिली. त्याच बेटावरील स्पॅनिश टाउनहून टॅक्सीने वर जाऊन पायवाटेने खाली उतरता येते, हे आम्हाला परतल्यावर कळले. आपल्याला ते आधी सांगता आले असते.

सॉल्ट आयलंडजवळ १८६७ च्या वादळात बुडालेल्या ‘ऱ्होन’ जहाजाचा पाण्यात फिरणारा पंखा (प्रोपेलर) वरून पोहताना स्वच्छ दिसला, आणि नॉर्मन आयलंडच्या गुहांतही मुले रमली, हेही नमूद करणे मला योग्य वाटते.

अनेगाडापोटी घेतलेले सहा जणांचे एकूण ५४,००० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत आणि वरील कराराची अट पुढील ग्राहकांना बुकिंगपूर्वी लेखी कळवावी, ही विनंती. दरपत्रक, पावती व आपल्या ई-मेलची प्रत सोबत जोडली आहे. मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपला,
बुकिंग करणारा ग्राहक, ठाणे