आठव्या दिवसापासून औषध कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेल्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्या माझ्या धाकट्या भावाला सुटेनात, तेव्हा आम्ही त्याला तीन दिवस खोलीत कोंडलं. ‘मनावर घेतलं की सुटतं’, असं जो तो सांगत होता. सारख्या जांभया, डोळ्यांतून-नाकातून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे, मग उलट्या आणि जुलाब. ‘नाटकं करतोय’ असं मीच म्हणाले. तिसऱ्या रात्री पाण्याचा घोटही पोटात ठरेना, तेव्हा त्याला रुग्णालयात नेलं. अशा वेळी शरीरातलं पाणी कमी होऊन माणूस दगावूही शकतो, हे तिथे कळलं.

तिथली नर्स दर काही तासांनी नाडी, घाम, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या अशा ११ गोष्टी तपासून गुण मांडायची. गुण पुरेसे वाढल्यावरच ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे हा त्रास आणि ओढ आवरणाऱ्या औषधाची, गोळी जिभेखाली ठेवली. आधीचं औषध अंगात असताना ती दिली, तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी एकदम भडकतो. म्हणून हे घरच्या घरी करायचं काम नाही. गर्भवतीने तर एकाएकी औषध तोडणं बाळाच्याही जिवावर बेतू शकतं.

पण मला खरं लिहायचंय ते डिस्चार्जनंतरचं. शरीर निवळलं की जुनी मात्रा सोसण्याची ताकद जाते आणि ओढ मात्र तशीच राहते. पूर्वी जेवढं घ्यायचा तेवढंच पुन्हा घेतलं, तर श्वास थांबू शकतो. डिटॉक्सनंतरचे, म्हणजे अंगातलं औषध उतरवल्यानंतरचे, पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. भाऊ आजही रोज ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतो आणि कामावर जातो. ‘एक व्यसन सोडून दुसरं लागलं’ असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. ब्युप्रेनॉर्फिन आणि याच उपचारात वापरलं जाणारं मेथाडोन ही दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. मधुमेहाच्या गोळीला कोणी व्यसन म्हणत नाही.

‘सात दिवसांत व्यसनमुक्ती’ अशी जाहिरात आपल्याकडे छापायला आली, तर कृपया त्या केंद्राला आधी विचारा: आठव्या दिवसापासून रुग्णाला औषध कोण देणार, त्याला तपासणार कोण, आणि श्वास मंदावला तर द्यायचं नॅलॉक्सोन घरच्यांच्या हाती दिलंय का?

आपली,
एक बहीण