खंबाटकीत भेटलेल्या तिघांना

रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमची २००४ची मारुती ८०० तापली. चूक माझीच. रेडिएटरचं झाकण स्वस्तात दिसलं म्हणून ऑनलाइन मागवलं, पार्ट नंबर जुळवलाच नाही. जुन्यावर दाबाचा आकडा ०.९ छापलेला, नव्यावर १.१, नीट बसत नव्हतं तरी रेटून बसवलं. वाफ निघत असताना झाकणाला हात घालणार, तोच टेम्पोवाले काका ओरडले, "अहो, भाजाल!" अर्धा तास थांबवलं, मग ओल्या फडक्याने स्वतःच हळूहळू उघडलं. बाइकवरची दोन पोरं वाईला गेली आणि योग्य झाकण घेऊन, बोगद्यातून वळसा मारून, पुन्हा घाट चढून आली! पैसे घेतले ते फक्त झाकणाचे. नावं विचारायची राहिलीच. तिघांचेही मनापासून आभार. काका, तुमचं फडकं माझ्याच डिकीत राहिलंय.