वेदीपाशी ठेवलेले दान

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आई, दर रविवारी दुपारी फोनवर तू पहिला प्रश्न विचारतेस, "उपासनेला गेली होतीस ना?" आणि मी "हो" म्हणते. ते उत्तर एकदाही खोटे नव्हते. मी उपासना चुकवत नाही, शब्बाथ शाळेचा वर्ग घेते, पगार झाला की देवासाठीचा दशांश आधी वेगळा काढते. तरीही गेली चार वर्षे त्या "हो"च्या आड मी एक गोष्ट झाकून ठेवली आहे आणि ती फोनवर सांगण्याचे धैर्य मला होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्याच्या जिन्यात मी दादाला वहिनीच्या देखत म्हणाले होते, "नुसते पैसे पाठवून मुलगा होता येत नाही." तेव्हापासून गेल्या आठवड्यापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. नाताळला दोघे वेगवेगळ्या दिवशी घरी का येतो, याची कारणे आम्ही तुम्हांला सांगत राहिलो आणि तुम्ही ती ऐकून घेतलीत. तुम्हांला काही कळले नसेल, असे मला आता वाटत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीतील स्त्रियांबरोबर पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला गेले होते. रमाबाईंचे नाव लहानपणापासून ऐकलेले, परंतु त्यांनी स्वतःविषयी दिलेली साक्ष मी तेथून परतल्यावर प्रथमच लक्षपूर्वक वाचली. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, 1889 साली शारदा सदन काढून विधवांना आसरा दिलेल्या या विदुषीने स्वच्छ लिहून ठेवले आहे की, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. एवढा त्याग केलेल्या बाईला हे स्वतःच्या तोंडाने कबूल करता आले, आणि मी मात्र हजेरीलाच विश्वास समजत होते, या विचाराने मी त्या रात्री फार अस्वस्थ झाले. रमाबाईंना किंवा नारायण वामन टिळकांना या विश्वासासाठी आप्तांचा रोष पत्करावा लागला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षे थांबल्या आणि मन वळल्यावरच 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला मात्र सर्व काही जन्मतःच मिळाले, त्यामुळे ते माझे आहे की केवळ तुमचे, हे तपासून पाहण्याची वेळच माझ्यावर आली नाही.

पुढच्याच रविवारी प्रभुभोजन होते. पाळकांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील तो उतारा वाचला: वेदीजवळ दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. हे वचन मला तोंडपाठ आहे, मी ते मुलांना शिकवलेले आहे. पण आजवर मी ते उलटे वाचत होते. माझ्या मनात दादाविरुद्ध काय आहे, याचा हिशेब मी चार वर्षे मांडत होते, आणि वचन तर त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हे आठवायला सांगते. प्रभूच्या प्रार्थनेत "ऋण सोडले आहे", म्हणजे इतरांना क्षमा केली आहे, असे मी दर रविवारी म्हणत होते, म्हणजे दर रविवारी देवासमोर खोटे बोलत होते. त्या दिवशी मी प्रभुभोजनाची भाकरी घेतली नाही. जागेवरच बसून राहिले.

बाबा, याचा अर्थ घरातील रोजची प्रार्थना निरर्थक होती, असा कृपया घेऊ नका. रात्री आठ वाजता कंदिलाजवळ तुम्ही शास्त्रपाठ वाचत होतात आणि आई टिळकांची भजने म्हणत होती, म्हणूनच ते वचन माझ्यापाशी होते. ते पाठ नसते, तर त्या रविवारी मला टोचलेही नसते. शिस्त तुम्ही दिलीत, त्याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ राहीन. त्या शिस्तीच्या आडोशाला मी माझा राग सुखरूप ठेवला, हा दोष केवळ माझा आहे.

गेल्या शनिवारी मी न कळवता नाशिकला गेले. दादाने दार उघडले आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मी क्षमा मागितली. मग त्याने सांगितले की, त्या वर्षी त्याची नोकरी गेलेली होती आणि पाठवलेले पैसे त्याने उसने घेतलेले होते. हे मला ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिची क्षमा मागायची अजून राहिली आहे, आणि तिला हवा तेवढा वेळ तिने घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दादा आणि मी एकत्र नगरला येत आहोत. रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी, बाबा, नेहमीप्रमाणे तुम्ही आरंभ करा, पण आशीर्वचनापूर्वी थोडा वेळ आम्हां दोघांसाठी ठेवा. दुसऱ्या दिवशी तुमच्या मंडळीत प्रभुभोजन आहे, ते मी आईला आधीच विचारून घेतले आहे.

तुमची,
लाडकी लेक