धबधब्याशेजारचं मैदान

क्लिफ्टन, न्यू जर्सी
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. सोलापुरातल्या आपल्या शाळेच्या मैदानाच्या कडेची दगडी गॅलरी पाडून तिथे गाळे काढायचं घाटतंय, हे ऐकल्यापासून जीव लागत नाही. शेवटी तू म्हणालास, "आपण आठ-दहा माणसं. आपलं कोण ऐकणार?" त्यावर फोनवर मला काही बोलताच आलं नाही. नुसतं "हं, हं" करून मी फोन ठेवला. रात्री झोप लागेना, म्हणून आज रविवारचा कागद घेऊन बसलोय.

माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर पॅटरसन म्हणून गाव आहे. तिथलं हिंचलिफ स्टेडियम सव्वीस वर्षं कुलूपबंद होतं आणि गेल्या वर्षी उघडलं. त्याची गोष्ट तुला सविस्तर सांगतो. मी ती लांबून, आणि थोडीशी जवळूनही, बघितली आहे.

आधी गाव सांगतो, कारण ते तुला ओळखीचं वाटेल. पसेइक नदी तिथे सत्त्याहत्तर फूट खाली कोसळते. या पाण्यावर कारखाने चालवता येतील हे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने हेरलं आणि १७९२ मध्ये इथे औद्योगिक शहर वसवायला सुरुवात झाली. पुढे इथे रेल्वेची इंजिनं झाली, कोल्टची पिस्तुलं झाली आणि मग रेशीम. रेशमाच्या गिरण्या इतक्या, की गावाचं नावच 'सिल्क सिटी' पडलं. १९१३ साली इथे मोठा संप झाला. कारण काय, तर एका विणकराने दोनऐवजी चार साचे, म्हणजे माग, सांभाळायचे असं मालकांनी ठरवलं. वीस हजारांहून जास्त कामगार कित्येक महिने बाहेर राहिले. आठ तासांची पाळी मागत होते.

२००८ मध्ये आई-बाबा आले होते तेव्हा मी त्यांना धबधबा दाखवायला नेलं. आई पाण्याकडे बघत होती. बाबांचं लक्ष मात्र गिरण्यांकडे पाणी नेणाऱ्या जुन्या कालव्यांकडे. विटांच्या रिकाम्या इमारती, फुटलेल्या काचा. बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथंबी साचे होते म्हण की." सोलापूरची जुनी मिल बंद पडल्यापासून त्या रस्त्याने जायचं टाळणारा माणूस तो. त्या दिवशी त्यांनी एकेक इमारत फिरून बघितली.

तिथेच, धबधब्याला लागूनच, ते स्टेडियम दिसलं. दारांना साखळ्या. तारेच्या जाळीतून आत डोकावलं तर काँक्रीटच्या पायऱ्यांमधून झाडं वर आलेली, भिंतभर रंगाच्या फवाऱ्यांनी लिहिलेलं, मैदानात गुडघाभर गवत. पण दारावर खेळाडूंची उठावचित्रं अजून होती. गावातल्याच गाएतानो फेदेरिची या शिल्पकाराची ती. बाबांनी विचारलं, "एवढं चांगलं बांधलंय, मग बंद का?" मला माहीत नव्हतं. तीन वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं, याची मला तेव्हा फार लाज वाटली. मग वाचत गेलो.

हे स्टेडियम १९३२ साली उघडलं. ऐन मंदी, गिरण्या बसलेल्या, हाताला काम नाही, आणि अशा वेळी गावाने स्वतःच्या पैशाने दहा हजार माणसं बसतील एवढं मैदान बांधलं. महापौर जॉन हिंचलिफ यांचं नाव दिलं. लगेच पुढच्या वर्षीपासून न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज हा संघ इथे घरचे सामने खेळायला लागला. तेव्हा गोऱ्यांच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये काळ्या खेळाडूला पाय ठेवता येत नव्हता. त्यांच्या लीग वेगळ्या, त्यांना 'निग्रो लीग' म्हणत. त्यांच्या बहुतेक संघांना स्वतःचं मैदान नसे. गोऱ्यांचा संघ बाहेरगावी गेला की त्याचं मैदान भाड्याने घ्यायचं आणि भाडं मालक म्हणेल ते. म्हणून हे सार्वजनिक मैदान त्यांना किती मोलाचं वाटलं असेल बघ. १९३३ चे अजिंक्यपदाचे सामने इथे झाले. जॉश गिब्सन इथे खेळला. आपल्याकडे जुनी माणसं सी. के. नायडूंचे षटकार सांगतात ना, तशा गिब्सनच्या फटक्यांच्या गोष्टी इथली म्हातारी माणसं सांगतात.

आणि लॅरी डोबी. हे नाव लक्षात ठेव. पोरगा पॅटरसनच्या ईस्टसाइड हायस्कूलचा. शाळेकडून याच मैदानावर अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल खेळला. १९४२ मध्ये नेवार्क ईगल्स या संघासाठी त्याची चाचणी झाली तीही इथेच. जॅकी रॉबिन्सनचं नाव तुला माहीत असेल, एप्रिल १९४७ मध्ये मुख्य लीगमध्ये उतरून त्याने रंगाची भिंत ओलांडली. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ५ जुलैला डोबी क्लीव्हलँडकडून उतरला. मुख्य लीग दोन; त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमधला, तो पहिला काळा खेळाडू. रॉबिन्सनला सहन करावं लागलं ते सगळं यालाही लागलं, पण दुसऱ्याचं नाव कोण घेतो? पुढच्या वर्षी वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात त्याच्या होम रनवर क्लीव्हलँड २-१ ने जिंकलं. सामन्यानंतर स्टीव्ह ग्रोमेक या गोऱ्या गोलंदाजाने त्याला मिठी मारली, गालाला गाल लावून दोघं हसताहेत, असा फोटो देशभर छापून आला. १९४८ साली असा फोटो अमेरिकेत छापला जाणं ही काय गोष्ट होती, ते इथे राहिल्यावर मला कळलं. मी तो घरी लावलाय. तू आलास की दाखवीन.

तर असं मैदान. १९६३ मध्ये ते गावाच्या शाळांच्या ताब्यात गेलं. पिढ्यान् पिढ्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या, सकाळी गावातल्या दोन शाळांचा फुटबॉल सामना इथे होत असे. मग गिरण्यांपाठोपाठ गावाची कमाई गेली. १९९१ पासून शाळांचा कारभारच राज्य सरकारने हाती घेतला. दुरुस्तीला पैसा नाही, आणि १९९७ मध्ये दाराला कुलूप लागलं. कुलूप लागलेल्या वास्तूचं काय होतं, हे सोलापूरच्या माणसाला मी काय सांगणार? आधी छप्पर, मग चोऱ्या, आणि मग "धोकादायक झालंय, पाडून टाका" म्हणणारे. पाडायची भाषा कितीदा तरी झाली.

२००२ मध्ये गावातल्या मूठभर माणसांनी 'फ्रेंड्स ऑफ हिंचलिफ स्टेडियम' नावाची संस्था काढली. लेका, मूठभर म्हणजे खरंच मूठभर. पैसा नव्हता, वजन नव्हतं. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? मोर्चा नाही काढला. कागद गोळा केले. जुन्या वर्तमानपत्रांतले धावफलक, सामन्यांच्या तारखा, कोण कोण खेळलं त्याची नावं, बांधकामाचे नकाशे, म्हाताऱ्यांच्या आठवणी. मैदान बंद पडून पाच वर्षंच झाली होती, पण ब्लॅक यँकीज इथे खेळत हे गावातल्या तरुण पोरांना ठाऊकच नव्हतं. ठाऊक नसलेली गोष्ट पाडायला कुणालाच काही वाटत नाही.

त्या कागदांच्या जोरावर २००४ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागलं. मला वाटायचं, नाव लागलं की झालं, आता कोण हात लावतो! तसं अजिबात नसतं. त्या नोंदीने पाडकाम थांबत नाही. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणारं काम असेल तर त्यापूर्वी वास्तूचं काय होईल याचा विचार करावा लागतो, एवढंच. तुमच्याकडेही वारसा यादीत नाव घालण्याची धडपड कराल तेव्हा नियमात नेमकं काय आहे ते कुणा वकिलाला विचारून घ्या, नाहीतर यादीवर विसंबून राहाल आणि एका सकाळी जेसीबी येऊन उभा राहील.

सहा वर्षांनी, २०१० मध्ये, देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत हे आलं. वाईट यादी, पण तिच्यामुळे गावाबाहेरच्या लोकांना कळलं. मार्च २०१३ मध्ये 'राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ' हा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. तरी साखळ्या तशाच.

मी स्वतः गेलो तो एप्रिल २०१४ मध्ये. भिंतींवरचं लिखाण झाकून रंग द्यायला स्वयंसेवक हवेत असं कळलं. शेकडो माणसं आली होती. मी दिवसभर एकाच भिंतीला प्रायमर मारत होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक काळे गृहस्थ होते, हात थरथरत होता तरी कड अगदी सरळ धरत होते. शाळेत असताना इथे थँक्सगिव्हिंगचा सामना खेळलेले. दुपारी डबा खाताना त्यांनी वरच्या पायऱ्यांकडे बोट केलं: "माझी आई तिथे बसायची. गिरणीतली पाळी संपवून थेट यायची, झोपायची नाही." दोस्ता, मला अण्णा आठवले. रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले, तुझी मॅच बघायला आपल्या त्या दगडी पायरीवर येऊन बसणारे तुझे अण्णा. मी त्या गृहस्थांना अण्णांबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, ते मैदान अजून आहे का? मी म्हटलं, आहे. आज त्यांनी विचारलं तर काय सांगू?

रंग दिल्याने काँक्रीट मजबूत होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्या दिवशी कित्येक वर्षांनी दारं उघडी होती आणि पोरं आत पळत होती. गावाला ते आतून दिसलं. माझ्या मते तिथून वारं फिरलं. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेच्या कायद्याने स्टेडियम धबधब्याच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत घेतलं गेलं.

त्यानंतरही सहा वर्षांहून जास्त काळ गेला. पैशाचा मेळ बसायला. अखेर एप्रिल २०२१ मध्ये कुदळ पडली आणि मे २०२३ मध्ये ते उघडलं. सगळा प्रकल्प दहा कोटी डॉलरच्या वर गेला. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्याला इथे करात सवलत मिळते, म्हणून खासगी पैसा येऊ शकला. आणि ती सवलत मिळायला पहिली अट कोणती? ती नोंदवहीतली नोंद! २००४ मधल्या त्या कागदाचा उपयोग असा एवढ्या वर्षांनी झाला. त्यासोबत शेजारी ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी ७५ घरं, गाड्यांसाठी इमारत आणि काळ्या खेळाडूंच्या बेसबॉलचं संग्रहालय, असा सगळा घाट आहे. काहींना हे रुचलं नाही. मैदान वाचवायला निघालात आणि इमारती बांधल्या, असं म्हणतात. मला ते पटत नाही. रिकाम्या स्टेडियमला पुन्हा कुलूप लागायला वेळ लागत नाही. तिथे माणसं राहतात, पोरं सराव करतात, न्यू जर्सी जॅकल्स हा व्यावसायिक बेसबॉल संघ २०२३ पासून घरचे सामने इथे खेळू लागला. गवत मात्र कृत्रिम आहे, आणि ते मला खटकतं. पायाला मातीचा वास लागत नाही.

एबेट्स फील्डचंही सांगतो. ब्रुकलिनमधलं ते मैदान, जिथे रॉबिन्सन पहिल्यांदा उतरला. १९६० मध्ये ते पाडलं. पाडकामाच्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा पांढरा रंग देऊन त्यावर लाल टाके काढले होते. चार वर्षांनी न्यूयॉर्कमधलंच दुसरं मैदान, पोलो ग्राउंड्स, पाडायला तोच गोळा आणला. आज दोन्हीकडे उंच इमारती आहेत. मी एबेट्स फील्डच्या जागी जाऊन आलो. मनाला काही वाटावं म्हटलं तरी तसं तिथे काही उरलेलं नाही. पॅटरसनला मात्र या जुलैत लेकीला घेऊन सामना बघायला गेलो, तर डोबी कुठे उभा राहायचा हे तिला बोटाने दाखवता आलं.

आता कामाचं. तुमची आठ-दहा माणसं पुष्कळ आहेत, पण आधी अर्ज-विनंत्यांत दमू नका. आपल्या गॅलरीच्या दर्शनी भागावर कोनशिला होती, चुन्याखाली गेलेली. तिचा चुना हलक्या हाताने काढून साल वाचा. मैदानाचा सात-बारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा, जागा नेमकी कुणाच्या नावावर आहे ते बघा. शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांत आंतरशालेय सामन्यांचे निकाल असतील. तिथे खेळून पुढे जिल्ह्याकडून, राज्याकडून गेलेले जे कोणी असतील त्यांना गाठा, बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. आपले पी.टी.चे सर नव्वदीला आले असतील, त्यांच्याकडे या आठवड्यातच जा. आणि रविवारी सकाळी पोरांना तिथे खेळायला लावा. रोज खेळ चालू असलेलं मैदान पाडायला निघणं अवघड जातं.

मी डिसेंबरात येतोय, यंदा गड्ड्याची यात्रा होईपर्यंत थांबणार. चार आठवडे पूर्ण तुझे.

तोवर एक काम कर. अण्णा आपल्या सामन्यांचा स्कोअर लिहायचे ती लाल पुठ्ठ्याची लांब वही तुमच्या माळ्यावर, पितळी भांड्यांच्या पेटीत होती. वाळवी लागली नसेल तर खाली काढ, उन्हात नको, सावलीत पसर, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून मला पाठव. पहिल्या पानावर साल आहे का ते आधी बघ.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
वर्गातला शेवटच्या बाकावरचा