इगेलचा खांब : कापडवाल्यांची कबर

संपादक साहेब, नमस्कार. रोमन कबरी म्हटलं की सगळे सम्राटांचंच बोलतात, म्हणून हे पत्र. जर्मनीत ट्रियरजवळ इगेल नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे ऐन रस्त्याकडेला साधारण 23 मीटर उंच लाल वालुकाश्माचा खांब उभाय, इ.स. 250 च्या आसपासचा. राजाबिजाचा नाही हो, सेकुंदिनी नावाच्या कापड व्यापारी कुटुंबाचा!

खाली पायऱ्या, मग नक्षीदार अर्धस्तंभ, वर खवल्यांसारखं निमुळतं छप्पर, आणि टोकाला गॅनिमीडला (ग्रीक पुराणकथेतला देखणा तरुण) उचलून नेणारा गरुड (आता बराच झिजलाय). पण मला खरी मजा वाटते ती मधल्या शिल्पांत, कापड पसरून दाखवतायत, कुळं खंड भरतायत, स्वयंपाकघरात लगबग, घरचे जेवायला बसलेत, म्हणजे अख्खा धंदा आणि संसारच दगडात कोरून ठेवलाय. शेजारीच हर्क्युलिस रथातून स्वर्गात चाललाय, तेही आहेच.

बाकीच्या कबरींचे दगड लोकांनी बांधकामाला नेले, हा वाचला तो गैरसमजामुळे, कारण लोकांना वाटलं हे सम्राट कॉन्स्टंटाईनच्या आईवडिलांच्या लग्नाचं स्मारक आहे. ट्रियरच्या म्युझियमच्या अंगणात याची रंगवलेली प्रतिकृती आहे, ती बघितली की कळतं मूळचा किती भडक असेल. अशा साध्या माणसांच्या कबरींवरही पुरवणीत एखादं पान द्या की.

– एक वाचक, पुणे