जुन्या कॅरॅव्हॅनचं इंजिन राहू दे, आधी छप्पर बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत गाडीतल्या घरांवर लेख आला होता. फोटो मस्त होते, पण सगळ्या गाड्या नव्याकोऱ्या, लाखांच्या पुढे बोलणाऱ्या, आणि शेवटी एक ओळ की जुनी कॅरॅव्हॅन घेऊ नका, मेंटेनन्स परवडत नाही. ती ओळ वाचून माझा चहा निवला हो! कारण आमच्या दारात २००८ चा टेम्पो ट्रॅव्हलर उभा आहे, आतून घर केलेला, २०१९ ला सेकंडहँड घेतलेला, आणि मी काय शेठ नाही, पेन्शनीत चालवतो.

परवडत नाही म्हणणारे सगळे इंजिनाला घाबरून म्हणतात. गाडी बघायला कोणी आला की पहिलं वाक्य, "बॉनेट उघडा बघू." अहो, इंजिनाचं सोडा. ट्रॅव्हलरचं इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं, जुन्या ट्रॅक्स जीपमध्येही तेच घराणं, सामान मिळतं, आणि आमच्या गोव्यातल्या डिचोली-उसगाव-सावर्डे या खाणपट्ट्यात डिझेल फिटरांना काय तोटा? लोखंडाच्या खाणी २०१२ ला बंद पडल्या, मग चालू, मग २०१८ ला परत बंद, खनिजाचे ट्रक दारोदार उभे राहिले, पण ट्रक जगवणारे हात इथेच राहिले ना. आमचा फिटर नुसता आवाज ऐकून सांगतो कुठला इंजेक्टर खराब आहे ते, आणि एखादं बुश मिळालं नाही तर लेथवाल्याकडून बनवून आणतो. आत्तापर्यंत इंजिनाने मला रडवलं नाही.

रडवलं पाण्याने. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात समुद्राचं खारं वारं, तेव्हा जुन्या गाडीचा खरा शत्रू वरून येतो आणि खालून येतो. २०२० चा मिरग, लॉकडाऊनचे दिवस, मुलगी पुण्याहून आलेली आणि चौदा दिवस वेगळं राहायचं म्हणून आम्ही तिला व्हॅनमध्येच ठेवलेली, तर रात्री दोनला तिचा फोन, "बाबा, गादी ओली झालीय." टॉर्च घेऊन बघतो तर व्हेंटच्या, म्हणजे छपरातल्या हवेच्या झरोक्याच्या, बाजूने थेंब. मी शहाणा, दुसऱ्या दिवशी बाथरूमला मारतात ते सिलिकॉन आणलं आणि व्हेंटच्या भोवती बोटाने फासलं. आठ दिवस थांबलं, परत चालू. अजून फासलं. असं करून करून छपरावर सिलिकॉनचा डोंगर झाला.

इथे माझ्यासारखे सगळे चुकतात. सिलिकॉन एकदा लागलं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. शेवटी पाऊस संपल्यावर दोन दिवस ब्लेडने खरवडत बसलो. आणि मग कळलं की पाणी व्हेंटमधून येतच नव्हतं! मागे कॅरिअरचा एक बोल्ट होता, त्याच्या वॉशरमधून आत शिरायचं, छपराच्या आतल्या पट्टीवरून चार फूट पुढे चालायचं आणि व्हेंटपाशी टपकायचं. हे शोधलं कसं तर बायकोची आयडिया, सायकलची ट्यूब पंक्चर बघतात तसं. सगळ्या खिडक्या दारं टेप लावून बंद, एका खिडकीतून ब्लोअर आत हवा मारतोय, आणि मी शिडीवर साबणाचं पाणी ब्रशने लावतोय. बोल्टापाशी असा फेस उठला की बघायला नको. बोल्ट काढला, बुटिल टेप (चिकट रबरी पट्टी) घातली, वरून पॉलियुरेथेन सीलंट. साडेचारशेची एक ट्यूब. त्या आधीच्या सिलिकॉनला किती गेले ते विचारू नका, त्यात गादी गेली, आणि कपाटामागचा प्लाय अंगठ्याने दाबला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला. तो बदलून पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घातला, तेव्हा सुताराने जे बिल लावलं त्यात इंजिनाची दोन सर्व्हिसिंग झाली असती.

म्हणून कोणी जुनी गाडी बघायला जाणार असेल तर पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा. दार उघडल्याबरोबर नाक लावा. कुबट वास आला आणि मालक म्हणाला की बंद असते म्हणून येतो, तर कपाटांच्या मागे, कोपऱ्यात, खिडकीच्या खाली अंगठा दाबत फिरा.

छप्पर फायबरचं असेल तर त्याच्या चिरा भरायला मोठ्या वर्कशॉपलाच जायला पाहिजे असं काही नाही. बोटींचं फायबर करणारे लोक आपल्याकडे आहेत, मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि रेझिनचं काम त्यांच्याएवढं साफ कोण करणार. फक्त टायमिंग सांभाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर वर ओढलेले असतात, तेव्हा ते लोक तुमच्याकडे बघायचे पण नाहीत. मे महिन्याच्या आधी पकडा. आणि गाडी माडाखाली लावू नका, हे गोव्यात सांगायची गरज नाही पण मी लावली होती, सोलर पॅनलवर नारळ पडला.

खालच्या बाजूची गोष्ट वेगळी. गंजावर सरळ काळा अंडरकोट मारून देतात, गाडी विकायच्या आधी तर हमखास मारतात, वरून चकाचक आणि आत ओल अडकून गंज दुप्पट वेगाने खातो. काळा रंग दिसला की स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आधी वायर ब्रश, मग रेड ऑक्साईड हा गंज रोखणारा प्रायमर, तो सुकला की मग काय मारायचं ते मारा. बीचवरून आलात तर चॅसिस गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी, उद्या नको.

आता ब्रेक. हे मी चोर्ला घाटात शिकलो. पंढरपूरहून परत येत होतो, गाडी भरलेली, पाण्याची टाकी पण भरलेली (ती रिकामी करायला पाहिजे होती, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो), आणि मी थर्डमध्ये ब्रेक दाबत दाबत उतरत होतो. एका वळणावर पेडल स्पंजासारखं खाली गेलं. हँडब्रेक आणि सेकंड गिअर, विठ्ठलाचं नाव, आणि कशीबशी बाजूला घेतली. बायकोने एक शब्द न बोलता आत जाऊन चहा ठेवला, तो तिचा राग. पाऊण तास थांबलो, मग सेकंडमध्येच केरीपर्यंत उतरलो. फिटरने विचारलं ब्रेक ऑईल कधी बदललंय, मी म्हटलं ते बदलतात का? ते हवेतली ओल ओढतं, जुनं झालं की घाटात तापून आतलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाहीत. दोन वर्षांनी बदलायचं, खर्च काही शेकडे. त्याच दिवशी त्याने टायर पण दाखवले. नक्षी भरपूर होती म्हणून मी खूश होतो, पण टायरवर शेवटचे चार आकडे २३१२, म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. बाजूला बारीक चिरा पडलेल्या. कॅरॅव्हॅन चालते कमी आणि उभी जास्त, त्यामुळे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन मरतात.

गॅस आणि वायरिंगमध्ये मात्र जुगाड नको, बाकी कुठे पण करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी भोक पाहिजे, आणि नळीवरची तारीख बघायची, पाच वर्षांनी बदलायची. बॅटरी मी घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर वापरतो, १५० एएचची (अँपिअर-तास), त्यातली निम्मीच वापरायची, त्याखाली उतरवली की ती लवकर बसते. चार्ज होताना गॅस सोडते म्हणून ती झोपायच्या जागेपासून बंद आणि बाहेर हवा जाणाऱ्या कप्प्यात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

कागदाचं पण सांगतो. आरसीवर बॉडी कुठली लिहिलीय ते घेण्याआधी वाचा, नाहीतर प्रवासी गाडी म्हणून नोंद आणि आत किचन, असं असेल तर ते निस्तरताना नाकी नऊ येतात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग पाच-पाच वर्षांनी रिन्यू. माझं २०२३ ला आलं. ६०० रुपयांची फी १ एप्रिल २०२२ पासून ५००० झालेली. भरली, ओरडलो, पण भरली. फिटनेसला नेली तेव्हा साहेबांनी काय बघितलं? बॉनेट.

पत्र लांबलं. जागा नसेल तर बॅटरीचं कापा, छपराचं ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, डिचोली